पाच नंबरचं इंजेक्शन

दुपारी दोनला पाच नंबरच्या सुताराला मॉर्फिन दिल्याची नोंद होती. तीन वाजले तरी तो उशीचा कोपरा दातांत धरून कण्हत होता. मांडीचं हाड जोडून दोनच दिवस झाले होते.

"सकाळच्या बाईंनी टोचलं की घटकाभरात डोळा लागतो," तो थोरल्या सिस्टरना म्हणाला. "या दुपारच्या बाईंच्या हाताला गुणच नाही."

"तुमची कातडी फळीसारखी, सुई तरी काय करणार!" त्याची बायको म्हणाली.

शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. "मलाही त्यांचं लागू पडत नाही हो. आठवडाभर सांगतोय, कोण ऐकतंय?"

थोरल्या सिस्टरही हसल्या आणि हसता हसता थांबल्या. दुपारच्या बाई म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. त्यांनीच शब्द टाकून तिला या वॉर्डात लावलं होतं.

मॉर्फिन एका नर्सने टोचायचं, दुसरीने पाहायचं. कुपीत उरलेलं दुसरीच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतायचं, मग दोघींनी सही करायची, असा नियम. पण खाटा तीस आणि नर्स दोन. ड्युटी संपताना चहा पिता पिता थोरल्या सिस्टर साक्षीदाराच्या रकान्यात ओळीने सह्या मारत. घरचंच माणूस, त्यात काय बघायचं?

त्या औषधांच्या खोलीकडे गेल्या. दाराला आतून कडी होती.

"उघड."

"आले ताई, एक मिनिट."

मिनिट लांबलं. दार उघडलं तेव्हा भावजय डावी बाही खाली ओढत होती. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मॉर्फिन दिलेल्या पेशंटच्या अशा बाहुल्या थोरल्या सिस्टर रोज तपासत. रविवारी समोर जेवायला बसणारीच्या कधी पाहिल्या नव्हत्या.

"बाही वर कर."

"झडती घेताय का माझी?"

"वर कर म्हणते ना!"

कोपराच्या खाचेत सुईच्या खुणा होत्या. एक ताजी.

"बाळंतपणानंतर पाठ धरली होती, ताई. आधी नुसतं उरलेलं घ्यायचे. बेसिनमध्येच जाणारं. कुणाचं तोडलं नाही."

"आणि आज सुताराला काय दिलंस?"

भावजयने बाही पुन्हा खाली ओढली.

"सलाइन. नुसतं मिठाचं पाणी."

बाहेर सुतार ओरडला.

"सोमवारपासून सोडते. आईशप्पथ," भावजय म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात, "सह्या तुमच्याही आहेत, ताई."

कुप्या फुटतात. रजिस्टरमध्ये 'फुटली' लिहून नवी कुपी काढली असती, तर सुताराचं भागलं असतं. थोरल्या सिस्टरनी पेन उघडलंही. पण उद्या दुपारी याच खोलीत हीच बाई असणार होती.

त्यांनी फोन उचलला. "डॉक्टर, पाच नंबरला दोनचं मॉर्फिन मिळालेलं नाही. मेट्रनबाईंना घेऊन लगेच या. चार महिने साक्षीदार म्हणून सह्या माझ्या आहेत. मी एकदाही पाहिलेलं नाही."

भावजय भिंतीला टेकून खाली बसली. "तुमच्या भावाला कोण सांगणार?"

"तू सांगशील. मी शेजारी बसेन."

भावजयची मान छातीवर कलली होती. थोरल्या सिस्टरनी तिचा खांदा गदागदा हलवला आणि घड्याळाकडे बघत तिचे श्वास मोजले. मिनिटाला आठ, हवेत त्याच्या निम्मे.

"डोळे उघड!" त्या ओरडल्या. "माझ्याकडे बघ. श्वास घे. अजून एक."