केसालाही धक्का

माझा नवरा केस कापतो. घराच्या खालीच आमचं सलून आहे, दोन खुर्च्यांचं. एक खुर्ची त्याची, दुसरी सासऱ्यांची. सासऱ्यांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही, तरी त्यांची खुर्ची कधी रिकामी दिसत नाही. नवऱ्याला मात्र स्वतःच्या भांगाची भारी काळजी. "टकल्याकडून केस कोण कापून घेणार?" असं तो बापासमोरच म्हणतो, आणि सासरे फवाऱ्याने त्याच्या तोंडावर पाणी उडवतात.

मला दिवस गेले तेव्हा त्याने शब्द दिला होता, "बाळाच्या केसालाही धक्का लागू देणार नाही."

"केसांपलीकडे तुला काही सुचतं का रे?" म्हणून मी हसले होते.

तिसरा महिना लागला आणि जिना चढताना मला धाप लागायला लागली. बेसिनच्या वरच्या फळीवर नवऱ्याची व्हिटॅमिनची बाटली असायची. सकाळी दात घासून झाले की तो त्यातली एक गोळी तोंडात टाकायचा आणि "ताकदीची आहे" म्हणायचा. ताकद तर मलाच हवी होती. तो दुकानात उतरला की मीही एक घ्यायला लागले. व्हिटॅमिनसाठी कोणी कोणाला विचारतं का?

डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं, घरात जे जे घेता ते पुढच्या खेपेला घेऊन या. आज मी सगळं पिशवीत भरून नेलं. त्यांनीच दिलेल्या गोळ्या, पित्ताचं औषध आणि ती बाटली. नवरा शेजारी मोबाइल बघत बसला होता. बाईंनी बाटली उघडली, एक गोळी तळहातावर घेतली आणि चष्मा वर करून तिच्यावरची अक्षरं वाचली.

"ही व्हिटॅमिनची नाही. कोणाची आहे?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझी," तो म्हणाला. "केस गळायचे थांबतात त्याने. मी ती या बाटलीत ठेवली होती. पण... हिने कधी घेतली?"

"रोज," मी म्हणाले. "महिना झाला."

बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. हे औषध गरोदर बाईने घ्यायचं नसतं. पोटात मुलगा असेल तर त्याच्या लघवीच्या जागेची घडण बिघडू शकते. "प्रत्येक वेळी होतंच असं नाही. पण ती घडण याच दिवसांत होत असते. आजपासून बंद. सोनोग्राफीत नीट बघू. आज मी छातीठोकपणे काहीच सांगू शकत नाही."

पायाखालची जमीन सरकते म्हणतात, माझी तर खुर्चीसकट सरकली. बाई पुढे काय बोलल्या ते मला आठवत नाही. मी पोटावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. ती गोळी रोज याच हाताने घेतली होती.

दुकानात आलो. सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शटर खाली ओढलं.

"बाटली कशाला बदललीस रे?"

"तुम्ही हसला असता, बाबा."

"गोळ्या लवकर संपत होत्या," मी विचारलं, "ते दिसलं नाही तुला?"

तो खुर्चीच्या हातावरचे केस झटकायला लागला.

"दिसलं. मला वाटलं, बाबाच चोरून घेतायत."

सासऱ्यांचा हात नकळत आपल्या गुळगुळीत डोक्यावर गेला. एरवी यावर आम्ही पोट धरधरून हसलो असतो.

"मग विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर माझं बिंग फुटलं असतं."

केसाने गळा कापणं मी आजवर नुसतं ऐकून होते. म्हणजे त्याला महिनाभर दिसत होतं, आणि भांगापायी त्याने तोंड उघडलं नाही!

त्याने मशिन उचललं आणि सुरू केलं. "सगळे काढून टाकतो. नकोतच मला हे केस."

"तुझ्या हजामतीने माझ्या बाळाचं काय होणार आहे?" मी ओरडले. "ठेव ते खाली!"

त्याने ते तसंच फळीवर ठेवलं आणि माझ्यासमोर खाली बसला. "काही होणार नाही गं," तो म्हणाला. "त्याच्या केसालाही..."

पुढचं त्याच्या तोंडून निघेना. फळीवर मशिन घुर्र करत राहिलं. ते बंद करायचं आम्हा तिघांपैकी कोणालाही सुचलं नाही.