समोरचा दरवाजा

शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, फहादने मला त्याच्या नव्या बोटीवर नेलं. फहाद माझा कफील, म्हणजे मला इथे आखातात कामाला आणणारा मालक. मी हर्णैचा, मला दोर बांधता येतो, एवढंच कारण.

इथली मरीना समुद्रापेक्षा उंच आहे. बाहेर पडायचं तर बोट आधी एका सिमेंटच्या हौदात न्यायची. मागचा दरवाजा बंद करतात, पाणी उतरवतात, मग समोरचा उघडतात. पाणी उतरलं, भिंती डोक्याच्या वर गेल्या, पण समोरचा दरवाजा उघडेना. आमची कार्डं तपासून वरून गार्ड ओरडला, "याचा इकामा संपलाय. समुद्रात सोडता येणार नाही."

इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपून चार महिने झाले होते. तो कफीलनेच वाढवायचा असतो आणि इकाम्याशिवाय मला घरी जाता येत नाही. दर आठवड्याला मी विचारायचो. फहादचं उत्तर ठरलेलं, "बुकरा, गफूर. उद्या करू."

"मग मागे तरी जाऊ द्या!" फहाद ओरडला.

"मागे रांग आहे. थांबा."

ऊन भिंतींवरून अंगावर येत होतं. "माणसाला असं कोंडून ठेवतात का?" तो चिडून मलाच म्हणाला. मी दोर धरून होतो.

शेवटी त्याने मोबाइल काढला, स्क्रीनवर चार-पाच वेळा बोट फिरवलं. "खलास! झाला तुझा इकामा. यल्ला, चल!"

चार मिनिटं लागली. दरवाजा उघडला, खारा वारा आत आला.

"आता खूश ना?" फहाद हसला. "जा, अम्मीला भेटून ये."

गावी अम्मीला दफन करून दोन महिने झाले होते. त्या दिवशीही तो बुकराच म्हणाला होता.