एकतीस फेब्रुवारीचा शिक्का

मी तारखेचा शिक्का बोलतोय. धामणगाव रेल्वे या गावच्या ताहेरभाईंच्या टेबलाच्या खणातून, म्हणून आवाज जरा कोंदट येईल. शेजारी शाईचं पॅड आहे, पण ते वाळलं तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

माझ्या पोटात रबरी पट्ट्या. एकीवर दिवस, एकीवर महिने, एकीवर दोन हजार चार ते पंधरापर्यंतची सालं. अंगठ्यानं चाक फिरवलं की कॅलेंडर माझ्यापुढे हात जोडून उभं.

ताहेरभाई वखर, डवरे, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे. वस्तू कधी मिळेल, ती तारीख चिठ्ठीवर मी उमटवायचो. एकदा घाईत एकतीस फेब्रुवारी पडली. नत्थुजी मार्चमध्ये डवरा न्यायला आले, तर ताहेरभाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तुमचा दिवस अजून उगवलाच नाई, भाऊ." नत्थुजी रुसून गेले ते गेले. तो डवरा अजून दुकानात लटकून त्या दिवसाची वाट पाहतो. पावसाळ्यात त्याला पालवी फुटते. खोटं वाटत असेल तर येऊन पाहा.

बाकी दिवस हसण्याचे नव्हते. कपाशी दगा देत होती, घरं सुनी पडत होती. भागीरथाबाई एकट्याच शेत करायच्या. वाकून एकेक सरकी मातीत टोबता टोबता त्यांची कंबर गेली. त्यांच्यासाठी ताहेरभाईंनी उभ्यानं बी टोबायची नळी बनवली. कागदावर तिचं चित्र काढलं आणि खाली मला ठोकलं. बारा जून दोन हजार नऊ. त्या दिवशी खरंच बारा जून होती हो.

पंधरा साली खबर आली की अकोल्याचा एक व्यापारी तीच नळी शेतकी प्रदर्शनात स्वतःच्या नावानं मांडणार. ताहेरभाई तो कागद अन् मला घेऊन आयोजकांकडे गेले. ज्याच्यापाशी आधीची पक्की तारीख, नाव त्याचं, असं ठरलं होतं. पण माझी कीर्ती तिथवर पोचलेली. साहेबांनी माझं चाक फिरवलं, कोऱ्या कागदावर ठोकलं आणि विचारलं, "भाई, एकतीस फेब्रुवारीले काय बनवलं होतं तुमी?"

आयुष्यात मन लावून खरं बोललो, ते असं वाया गेलं.

लेक अमरीन अमरावतीला कॉम्प्युटर शिकत होती. ती म्हणाली, चित्र स्कॅन करून त्यावर इलेक्ट्रॉनिक काळमुद्रा घेऊ, म्हणजे ते कोणत्या दिवशी, किती वाजता होतं याचा कॉम्प्युटरचा शिक्का. मग कुणी एक रेघ बदलली तरी कळतं. फक्त मुद्रा देणारा भरवशाचा हवा. तिनं अशा दोन कंपन्या शोधून काढल्या आणि फोन स्पीकरवर ठेवून दोघांनाही विचारलं, घड्याळ कशाशी जुळवता, उद्या दुकान बंद केलं तर मुद्रा तपासायची कशी. उत्तरं दोन्हीकडून गोडच आली.

अमरीनची आई हाजराबी भाजी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हे सारं राहू दे. मागची तारीख टाकून देता का, ते इचार."

पहिला लगेच म्हणाला, "ॲडजस्ट करून देऊ ना, मॅडम." दुसरीकडची मुलगी म्हणाली, नाही, ते आम्हालाही करता येत नाही.

ताहेरभाईंनी फोन जवळ ओढला. त्यांची खरी तारीख मागचीच तर होती, अन् कुणीतरी ती हातावर ठेवत होता.

"अब्बा," अमरीन हळूच म्हणाली, "जो आपल्याले मागची देते, तो त्या अकोल्यावाल्यालेबी देईन."

त्यांनी दुसरीकडून मुद्रा घेतली, आजच्या तारखेची. व्यापाऱ्याकडे तेवढीही नव्हती. प्रदर्शनात नळी ताहेरभाईंच्या नावानं लागली. पण जगाच्या लेखी ती जन्मली पंधरा साली. त्याआधी भागीरथाबाई ताठ उभ्या राहून टोबत होत्या, ते पावसाळे कुठंच उमटले नाहीत.

त्या संध्याकाळी ताहेरभाईंनी माझं चाक फिरवून बारा जून दोन हजार नऊवर आणलं. कागदावर ठोकलं नाही. फुंकर मारून खणात ठेवलं.

पुढे माझ्या पट्टीवरची सालंच संपली. आता कुणी खण उघडत नाही. तुम्ही कधी उघडलात तर खुशाल हाताळा, धूळ झटका. थापा मी पुष्कळ मारल्या. एवढी तारीख तेवढी फिरवू नका.