दौंडला आलेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुनी काचेची टाकी आहे. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. लोक मला बघून म्हणतात, "मोकळीच हाय की ही!" ते ऐकलं की मला अजून धक्का बसतो. अहो, माझ्यात समुद्र होता! खराखुरा, खारा समुद्र, आणि तोसुद्धा दौंडला!

१९९८ साली सणसवाडीच्या एका शेडमध्ये खंडू काचवाल्यानं मला जोडलं. एवढी जाड काच कापताना तो हसत होता. "साहेब, मासं पाळताय का म्हशी धुताय?" रेल्वेत इलेक्ट्रिशियन असलेले नवनाथ मात्र हसले नाहीत. वर्षभर त्यांनी एकच विचार केला होता. पाण्यानं भरल्यावर मी आठशे किलोंच्या वर जाणार, म्हणून तळमजल्याचं क्वार्टर आणि लोखंडी अँगलचं स्टँड. लाटांसाठी मोटरी, पाण्यातली घाण फेसासकट काढणारं यंत्र, निळ्या ट्यूब, आणि वीज गेली तर इन्व्हर्टर. ती यादी ऐकून मी गारच पडले. मला वाटलं होतं, चार मासे आणि एक प्लॅस्टिकचं झाड!

समुद्र तर चक्क रेल्वेनं आला. नवनाथांचे एक गार्ड मित्र मुंबईहून येताना कॅन भरून आणत आणि दारातून ओरडत, "जयभीम नवनाथ, घे तुझा समुद्र!" असे पंचवीस कॅन माझ्यात रिकामे झाले. मग खडक आले. आणि मग? दीड महिना काहीच नाही. नवनाथांच्या आई, सोजरबाई, रोज डोकावून जायच्या. घरात ही दोघंच.

"एवढा खटाटोप करून दगडं पाळायची व्हती व्हय रं?"

"पाणी तयार व्हायला येळ लागतो, आई. तू फक्त हात लावू नको."

शेवटी खडकाला चिकटून जगणारी पोवळी आली, फुलांसारखे दिसणारे जीव म्हणजे समुद्रफुलं आली, लाल पट्ट्यांची एक कोळंबी आणि दोन नारिंगी मासे आले. पहिल्या सकाळी पोवळं उमललं तेव्हा सोजरबाईंचा चहा स्टोव्हवर उतू गेला. "आगं बया! दगडाला फुलं!" त्या दिवसापासून त्यांचा चहा माझ्यासमोरच व्हायचा. जवळ सरकल्या की नवनाथ म्हणायचे, "हात न्हाई लावायचा, आई." किती वेळा म्हणाले, मी मोजलं नाही.

पुढच्या मे महिन्यात नवनाथ दहा दिवसांच्या ट्रेनिंगला भुसावळला गेले. दौंडचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. माझं पाणी चार बोटं उतरलं आणि मोटर हवा ओढून घरघरायला लागली. सोजरबाई घाबरल्या. त्या लहान असताना त्यांना विहिरीला शिवू देत नसत. कुणीतरी वरून पाणी वाढील म्हणून भांडं घेऊन ताटकळत बसावं लागे. त्यामुळे आटलेलं भांडं त्यांना बघवतच नसे. त्यांनी आपला तांब्याचा हंडा चिंचेनं घासून लख्ख केला, रात्रभर त्यात पाणी ठेवलं आणि सकाळी फडक्यानं गाळून माझ्यात ओतलं. स्वतः प्यायच्या ते, घरातलं सगळ्यात चांगलं पाणी! रोज एक हंडा.

मित्रांनो, माझी बोबडी वळली. तिसऱ्या दिवशी कोळंबी आडवी झाली. पोवळी मिटली ती मिटलीच. समुद्रफुलं वितळून गेली. मला ओरडता येत नव्हतं, आणि सोजरबाईंना वाटलं पाणी अजून कमी पडतंय. त्यांनी दोन हंडे ओतले.

नवनाथ परतले आणि पिशवी हातात धरूनच उभे राहिले. मग त्यांनी माझं थोडं पाणी छोट्या बाटलीत घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी निळं झालं. तांबं! माशांनी ते कसंबसं सोसलं होतं. पोवळ्यांना आणि कोळंबीला ते विषच. आणि ते खडकांत असं मुरलं की माझ्यात पुन्हा पोवळं ठेवायची नवनाथांची छातीच झाली नाही.

"आई, तुला सांगितलं व्हतं ना!" ते एवढ्या जोरात ओरडले की माझी काच थरथरली.

सोजरबाईंच्या हातातून हंडा सुटला. त्यांनी काचेतून मेलेल्या पोवळ्यांकडे बोट दाखवलं.

"हात लावू नको म्हणलास, व्हय," त्या म्हणाल्या. "तांब्याचं पानी त्यास्नी मारतं, ह्ये कवा सांगितलंस? त्यास्नी तोंड न्हाई रं बाबा. तुला तर व्हतं."

नवनाथ खाली बसले. मित्रांनो, ज्या जिवाला बोलता येत नाही, त्याच्यासाठी घरातल्या प्रत्येकाशी बोला. आणि सगळ्यात आधी त्या माणसाशी, जो त्याला आपल्या हंड्यातलं पाणी द्यायला निघालेला असतो.