गैरहजर असेल त्याचं काम

सेवा मंडळाची सभा दर गुरुवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरायची, आणि त्या सभेला दांडी मारायची कुणाची छाती नव्हती. समाजसेवेची तळमळ वगैरे म्हणाल तर नाव नको. तळमळ असती तर नियम कशाला लागला असता? नियम असा होता, की जे काम कुणालाच नको असेल ते त्या दिवशी गैरहजर असलेल्याच्या गळ्यात घालायचं. आणि एकदा गळ्यात पडलं की परत करता येत नाही. एका वकिलाला सर्दी झाली म्हणून तो घरी राहिला, तर बिचाऱ्याला अख्ख्या शाळेतल्या पोरांच्या पायांची मापं घ्यावी लागली, बुटांसाठी. तेव्हापासून तो अंगात ताप असला तरी सभेला येऊन शिंकत बसायचा.

हा नियम काढला होता बेकरीच्या काकूंनी. काकू म्हणजे मंडळाच्या सगळ्यांत जुन्या सभासद. तोंडाने फटकळ, आणि सभेची बिस्किटं त्यांच्याच बेकरीतून येत असल्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. स्वतः त्यांनी कधी सभा चुकवली नव्हती. “मी मेले तरी गुरुवार सोडून मरेन,” असं त्या चारचौघांत सांगायच्या.

आणि एका गुरुवारी त्यांची भट्टी बिघडली. दुरुस्तीवाला आठवडाभर ‘येतो, येतो’ करत होता, तो नेमका सभेच्या वेळेला उगवला. सोडला असता तर पुन्हा कधी हाताला लागला असता देव जाणे. काकूंनी बिस्किटांचा डबा नवऱ्याच्या हातात दिला आणि त्याला पाठवून दिलं.

काका परत आले ते मान खाली घालूनच.

“काय झालं?” काकूंनी विचारलं.

“बिस्किटं आवडली सगळ्यांना.”

“मी बिस्किटांचं विचारत नाहीये. काय घातलं माझ्या गळ्यात?”

काकांनी चपला नीट जागेवर ठेवल्या, पाणी प्यायलं, मग म्हणाले, “डोळे तपासणीच्या शिबिरासाठी हॉल मागायचाय. शाळेचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, आणि म्हातारी माणसं जिने चढणार नाहीत. तळमजल्यावरचा मोठा हॉल एकच आहे.”

काकूंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तो हॉल त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा होता, आणि दोघी बहिणी चार वर्षांत एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

त्यांनी तडक अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. “डॉक्टर, दुसरं कुठलंही काम द्या. गटारं उपसते.”

“नियम तुमचाच आहे, काकू,” डॉक्टर म्हणाले, आणि तेही खरंच होतं.

भांडण तरी काय मोठं होतं! ताईच्या हॉलमध्ये कुणाचा तरी वाढदिवस झाला आणि केक आला पलीकडच्या बेकरीतून. बहिणीची बेकरी हाकेच्या अंतरावर असताना! काकू ताईला ताडताड बोलल्या. ताई म्हणाली, केक गिऱ्हाइकाने आणला, मी काय करू? एवढ्यावर मिटलंही असतं. पण त्यानंतर काही दिवसांनी बँकेसमोर ताई रस्त्याच्या पलीकडे दिसली. काकूंचा राग तोवर ओसरला होता. त्यांनी पावांचा ट्रे एका हातावर तोलून दुसरा हात वर केला. ताईने सरळ त्यांच्याकडे पाहिलं, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, आणि ती चालती झाली. काकू हात वर करून तशाच उभ्या. पानवाला हसला तो वेगळाच. त्या दिवशी काकूंनी मनाशी ठरवलं, आता ती दारात आली तरी मी बोलणार नाही.

आणि आता स्वतःच तिच्या दारात जायची पाळी आली. दोन दिवस टाळाटाळ करून काकू शेवटी गेल्या. हॉल रिकामा होता. खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या, आणि ताई काउंटरमागे उभी राहून टेबलावरच्या चादरींच्या घड्या घालत होती. काकूंनी एक खुर्ची ओढून मधोमध घेतली, बसावं की बसू नये या विचारात पुन्हा उठल्या. आवाज ऐकून ताईने मान वर केली आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

“बुकिंग असेल तर दुपारी या,” ती म्हणाली. “लिहून घेणारी मुलगी तेव्हा येते.”

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “वा गं वा! आता मला गिऱ्हाईक करतेस होय?”

ताईच्या हातातली घडी सुटली. “चिमे?” तिचा आवाज चिरकला. “चिमे, तू आलीस?” आणि ती काउंटरच्या कडेवर हात ठेवत ठेवत बाहेर आली, लगबगीने पुढे निघाली, आणि मधोमध ठेवलेल्या खुर्चीवर धाडकन आदळली.

खुर्ची लाल रंगाची होती. लख्ख ऊन पडलं होतं हॉलमध्ये.

ताईने गुडघा चोळला, हसण्यावारी नेलं आणि चहा केला. काकू बघत राहिल्या. कप भरला की नाही ते कळायला ताईने कपात बोट धरलं होतं.

“ताई, तुला दिसत नाही?”

“दिसतं की. थोडं धुरकट.”

“कधीपासून?”

ताईने कप पुढे सरकवला. काकूंना एकदम बँक आठवली. “त्या दिवशी बँकेसमोर मी तुला हात केला. तू माझ्याकडे बघून निघून गेलीस.”

“हात केलास?” ताई म्हणाली. “मग हाक का नाही मारलीस?”

“हाक कशाला मारू? समोर तर होतीस!”

“पलीकडे कुणीतरी आहे एवढंच कळतं गं मला. कोण ते आवाजावरून ओळखते. मला वाटलं, केकवरून रुसलीस ती रुसलीसच. रोज वाटायचं आज येशील.”

काकूंना रडू फुटलं. दर वर्षी शिबिरात त्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून खुर्चीपर्यंत न्यायच्या, ‘इतके दिवस अंगावर का काढलंत’ म्हणून फैलावर घ्यायच्या. आणि सख्खी थोरली बहीण इथं हाकेच्या अंतरावर चाचपडत होती. लाज वाटली त्यांना, आणि लाज वाटली की काकूंना राग यायचा. “सांगितलं का नाहीस कुणाला? मुलाला तरी!”

“त्यालाच तर सांगायचं नाहीये. कळलं की तो हॉल विकायला लावेल आणि मला सातव्या मजल्यावर नेऊन बसवेल. इथला खांब न् खांब मला पाठ आहे, चिमे. तिथं मी काय करू? शिबिराला हॉल हवा तर खुशाल घे. पण मी त्या रांगेत बसणार नाही. आणि माझी शपथ आहे, कुणाजवळ अक्षर काढायचं नाही.”

काकूंनी शपथ घेतली. विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, पण ताई त्यांचीच बहीण. ढिम्म हलली नाही.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी टेबलावरची पितळी घंटा वाजवली आणि सभा सुरू झाली. काकूंनी हॉल मिळाल्याचं सांगितलं. सगळे चाटच पडले. टाळ्या थांबल्यावर काकू म्हणाल्या, “हॉल फुकट दिलाय. तेव्हा ताईला मंडळाची सभासद करून घ्यावं.”

याला कोण नाही म्हणणार? सर्दीवाल्या वकिलाने अनुमोदन दिलं. घंटा वाजली.

“आता उरलेली कामं,” डॉक्टर म्हणाले.

“एक राहिलंय,” काकू म्हणाल्या. “दर वर्षी शिबिरात पहिलं कुणी बसत नाही. सगळे दाराशी घोटाळतात, तू आधी, तू आधी करत. एक जण बसला की मग धीर येतो. यंदा पहिल्या नंबराला आपलाच माणूस बसवू.”

सगळ्यांनी एकदम खाली पाहिलं. डोळ्यांत ते औषधाचे थेंब कुणाला हवे होते?

डॉक्टरांनी काकूंकडे चष्म्यावरून पाहिलं. ते जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगत आले होते, पण कुठे उघडायला लावू नये तेही त्यांना कळत होतं. “आज गैरहजर कोण आहे?” त्यांनी विचारलं.

“नवीन सभासद,” काकू म्हणाल्या.

“मग प्रश्नच मिटला.” घंटा वाजली.

ताईने आकाशपाताळ एक केलं. “मी सभासद कधी झाले?”

“गुरुवारी.”

“मला न विचारता?”

“विचारायला तू हजर कुठे होतीस?”

“शपथ मोडलीस तू!”

“एक अक्षर बोलले नाही. नियम आहे मंडळाचा, मी तरी काय करू? त्याच नियमाने मी नाही का तुझ्या दारात आले?”

ताई बराच वेळ चादरीच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग हळूच म्हणाली, “भीती वाटते गं. आणि मुलाला काय सांगू?”

“आधी नाही, नंतर सांगू,” काकू म्हणाल्या. “आईला आता दिसतंय, एवढंच सांगू.”

शिबिराच्या दिवशी ताई स्वतःच्याच हॉलमध्ये काकूंचा दंड धरून चालत गेली आणि पहिल्या खुर्चीवर बसली. दाराशी घोटाळणारी माणसं तिच्यामागे निमूट येऊन बसली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली. “मोतीबिंदू आहे, आणि पिकून घट्ट झालाय. आजी, फार उशीर केलात. ऑपरेशन करू, पण कितपत दिसेल ते पट्टी काढल्यावरच कळेल.”

पट्टी काढायचा दिवस नेमका गुरुवार निघाला. त्या संध्याकाळी काकूंनी सभेला सरळ टांग मारली. द्या म्हणावं हवं ते काम, झाडं द्या, गटारं द्या! त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा पट्टी काढून झाली होती, आणि लांबलचक व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ताई खोलीतून बाहेर येत होती, भिंतीला हात न लावता.

काकूंनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक मारली तर ती आवाजावरून ओळखेल, मग कळणार कसं? त्यांनी नुसता हात वर केला.

ताईने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. तोच चेहरा, तीच नजर, बँकेसमोरची.

“पोलिसासारखा हात काय करतेस?” ताई अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी ओरडली. “दिसतेयस मला! अगं बाई, आणि केवढी म्हातारी झालीस गं, चिमे!”

काकू भर दवाखान्यात हमसून हमसून रडायला लागल्या. वर केलेला हात खाली घ्यायचंही त्यांना सुचलं नाही.