बाजेवरची ड्यूटी

उंब्रजच्या त्या आळीत बाळंतिणीसाठी बाज एकच. निम्मी आळी तिच्यावर वाढली, कुणाच्या पोराला काही झालं नाही, म्हणून ती शकुनाची. लेक साक्षी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, म्हणून शालूबाईंनी दोन महिने आधीच बाज मागून आणली. त्यांचे यजमान आकाराम, फौजेतले रिटायर हवालदार. ते दुपारी सहज तिच्यावर लवंडले आणि उठले तर दंडावर ओळीनं गांधी उठलेल्या.

"ढेकणं! लय हायेत गं."

"आवं, हळू बोला. शकुनाच्या बाजंला नावं ठेवू नगा," शालूबाई म्हणाल्या. आजवर घराघरानं हेच केलं होतं. खाजवायचं, गप्प बसायचं आणि बाज पुढं धाडायची.

ती परत पाठवायला शालूबाई तयार नव्हत्या. साक्षी झाली तेव्हा त्या हिच्यावरच निजल्या होत्या. आकारामांना मुलगी झाल्याचं पत्रानं कळलं, बर्फातल्या चौकीवर, अकरा दिवसांनी. ती हळहळ अजून त्यांच्या पोटात होती.

त्यांनी जुना सुंभ सोडून जाळला, सांध्यासांध्यात उकळतं पाणी ओतलं, नवी दोरी विणली, बाजेचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले. अंडी फुटतील म्हणून दहा दिवसांनी पुन्हा उकळतं पाणी. आणि पडवीत तिच्यावर पांढरी चादर अंथरून स्वतःच झोपू लागले. माणसाची ऊब लागल्याशिवाय लपलेला ढेकूण बाहेर येत नाही, हे बराकीतलं ज्ञान.

"आत निजा की!"

"आत निजलो तर ढेकणं मागनं तिकडं येतील. ड्यूटी हाय माजी."

डोळा लागला की बाज हलकेच कृष्णेवर तरंगायला लागायची. काठावर बर्फ, पाणी मात्र कोमट. भोवती दुपट्यांतली पोरं वाहत असायची, त्यात आताचे सरपंचही. एक अगदी इवलीशी होती. ती काही केल्या तोंड इकडं करायची नाही. मग चावा बसायचा आणि जाग यायची. सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके सापडायचे. आधी सात, मग तीन, मग एकच. पुढं महिनाभर चादर कोरी राहिली. स्वप्नं लांबत गेली, पण त्या पोरीनं काही मान वळवली नाही.

साक्षी दवाखान्यातून लेकीला घेऊन आली आणि बाजेवर टेकली.

"आबा, दंडाला कसलं डाग?"

दुपट्यातल्या नातीनं तेवढ्यात मान वळवली. आकाराम बघतच राहिले.

"तुज्या टायमाला न्हवतो गं मी," ते म्हणाले. "हिच्या टायमाला हुतो."