नळाकडं गेलेली रगताची पावलं

अख्खी वस्ती नव्या नळाभोवती जमली व्हती, पर घागर एकीनंबी पुढं केली नव्हती. सकाळीच चुना मारलेल्या पांढऱ्याफेक वट्ट्यावर लालभडक पावलं. बाईची. समदी नळाकडं गेलेली. परतीचं एकबी न्हाई.

"मग ती गेली कुठं?" चांगुणाबाईनं इचारलं. भर उन्हात अंगावर काटा आला.

थापा मारायला राणीसावरगावच्या पंचक्रोशीत या कुसुमबाईचा हात धरनारं कोनी न्हाई. मला ऱ्हावतंय व्हय? म्हनलं, "नळातच शिरली! बोअर खांदताना हडळीची झोप मोडली आसंल."

दूरदेशीच्या लोकांनी वर्गणी काढून, संस्थेकडून दिलेला नळ त्यो. गाळलेलं, साफ पानी. माझ्या थापेपायी बाया पुन्हा नाल्यावर जायल्या. मला वाटलं, चार दिसांची गंमत. चौथ्या दिशी भुतं उतरवनारा बन्सीधर महाराज उगवला.

"माय, ही हडळ न्हाई, हडळीची सासू हाय!" त्यानं भंडारा फेकला, वर कमंडलूतलं तीर्थ शिंपडलं. पिवळा भंडारा लालभडक! बाया किंचाळल्या. मग लिंबू पिळलं, रगत पुन्हा पिवळं. "बसली! पर पाच अमावस्या पाच बोकडं लागतेत. तवर नळाला शिवनाऱ्याचा वंश बुडंल."

तेवढ्यात माझी नात सृष्टी नाल्याच्या पान्यानं आजारी पडली. जुलाब थांबंनात, डोळे खोल गेले. मी वट्ट्यावर धावले, "आवं, हडळ मी रचली! थाप व्हती ती!"

महाराज हळूच म्हनला, "ऐका. म्हातारीच्या तोंडून तीच बोलायली."

समदे माझ्यापून मागं सरकले. खरं सांगते, मलाबी त्या नळात कोनीतरी दम घ्यायलंय आसं वाटलं.

उपकेंद्राच्या नर्स नीलमताई आल्या. सृष्टीला मीठ-साखरंच्या पुडीचं पानी पाजता पाजता म्हनल्या, "आजी, पावलं उमटली तवा वस्तीत काय व्हतं?"

"चांगुणाबाईच्या लेकीची हळद."

त्यायनी माझ्या कमरेची चुन्याची डबी काढली अन् सरळ वट्टा गाठला. "महाराज, जरा तीर्थ द्या की." महाराजानं कमंडलू पाठीमागं नेला. ताईनं तळहातावर भंडाऱ्याची हळद, चुना, थेंबभर पानी कालवलं. लालभडक! लिंबू पिळलं, पिवळं. "यांचं तीर्थ म्हंजी चुन्याची निवळी. बाकी काई न्हाई."

"अन् परतीची पावलं?" चांगुणाबाई म्हनली.

"ती बी हळदच, चुन्यावर लाल झालेली. हळदीच्या पायानं पान्याला कोन आलं व्हतं?"

चांगुणाबाई आपल्याच पायाकडं बघत ऱ्हायली. "मीच की वं... घरात पाव्हणे, घाईत आले. नळाखाली पाय धुतले, अन् दुसऱ्या अंगानं गेले."

महाराज कधी सटकला, कळलंबी न्हाई. पहिली घागर चांगुणाबाईनंच भरली.

सृष्टी वाचली. मी आजबी हडळीच्या गोष्टी सांगते, पर संपली की कान धरून सांगते, थाप व्हती. बायांनो, गोष्टीला खुशाल भ्या. पर लेकराचं पानी तोडायच्या आधी एवढं इचारा, हे झालं कशानं? मी इचारलं नव्हतं. म्हनून नळावर गेले की आजबी वळून माझी पावलं बघते.